चारचौघांत घेतलेली सुई

पुढील पानांतील मजकूर ज्या मुलामुलींनी लिहिला आहे त्यांची वये पंधरा ते सत्तावीस या दरम्यानची आहेत; कोणी कोल्हापूरकडच्या एका गावात बारावीचा अभ्यास करीत आहे, कोणी पुण्याच्या वसतिगृहात राहून स्पर्धापरीक्षेची तयारी करीत आहे, कोणी ठाण्याहून लोकलने रोज नोकरीवर जाते, तर एकीच्या मांडीवर वर्षाचे मूल आहे; आणि या सर्वांना जोडणारा दुवा एवढाच की, यांच्यापैकी प्रत्येकाला दिवसातून चार-पाच वेळा स्वतःच्या हाताने स्वतःला सुई टोचून घ्यावी लागते, आणि आजवर घराच्या उंबरठ्याआड ठेवलेली ही गोष्ट आता आपल्या शब्दांत, आपल्या मर्जीने, चारचौघांपुढे मांडावी असे त्यांनी ठरविले आहे. इतक्या सरळपणे लिहिलेल्या मजकुराला वास्तविक प्रस्तावनेची गरज नसावी. परंतु या आजाराविषयी आपल्या मनात जे ग्रह पिढ्यान्‌पिढ्या घर करून बसले आहेत, ते तसेच घेऊन कोणी हे पुस्तक वाचू लागला तर या मुलांच्या बोलण्यातील निम्मा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचणार नाही, असे वाटल्यावरून हा विस्तार करीत आहे.

मधुमेह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, डॉक्टरांनी दटावल्यामुळे पहाटे टेकडीवर फिरायला जाणारा एखादा गृहस्थ उभा राहतो. या पुस्तकातील मुलांचा आजार तो नव्हे; यांचा मधुमेह 'टाइप वन' प्रकारचा. यांच्या शरीराची संरक्षणव्यवस्थाच, जिची कारणे अजून पुरती उलगडलेली नाहीत अशा एका चुकीने, स्वादुपिंडातील इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटते. १८६९ साली पॉल लँगरहान्स या तरुण जर्मन संशोधकाने ज्यांचे प्रथम वर्णन केले त्या पेशीपुंजांतील या पेशी हळूहळू नाहीशा होतात, आणि मग रक्तात साखर विपुल असूनही ती पेशींच्या आत शिरू शकत नाही, म्हणून शरीर आपलीच चरबी जाळू लागते, रक्त आम्लधर्मी होते, उलट्या सुरू होतात, श्वास खोल आणि जलद चालू लागतो, आणि वेळीच इन्शुलिन मिळाले नाही तर मूल बेशुद्ध होऊन दगावते. तहान, वारंवार लघवी, आणि भूक असूनही झपाट्याने उतरणारे वजन ही काही आठवड्यांची पूर्वसूचना असते. पण ती ओळखली न गेल्यामुळे पोटाचा विकार किंवा साधा ताप समजून दुसराच इलाज चालू राहतो, आणि निदान होते ते अतिदक्षता विभागात. हा आजार गोड खाल्ल्याने होत नाही. तो आईने गरोदरपणी काय खाल्ले यावरून ठरत नाही, संसर्गाने पसरत नाही, आणि पथ्य कितीही कडक पाळले तरी इन्शुलिनवाचून चालत नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही प्रमेहाचे सहज, म्हणजे जन्मजात, आणि अपथ्यापासून उद्भवणारा असे दोन भेद सांगितलेले आहेत. आजचे वर्गीकरण अर्थातच निराळ्या पायावर उभे आहे, परंतु सर्व मधुमेही आपल्या जिभेच्या अपराधाची शिक्षा भोगीत असतात असे मानण्याचा आधार आपल्या प्राचीन वैद्यकातही सापडत नाही.

शंभर वर्षांपूर्वी या आजाराविषयी मोकळेपणाने बोलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण बोलण्यासाठी कोणी मागे उरतच नसे. १९२२ च्या ११ जानेवारीला टोरांटोच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या, हाडांचा सापळा झालेल्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी तयार केलेला स्वादुपिंडाचा अर्क टोचण्यात आला. तो पुरेसा शुद्ध नसल्यामुळे टोचल्या जागी गळू झाले, आणि उपचार थांबवावा लागला. परंतु पुढल्या बारा दिवसांत कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अर्क शुद्ध करून दिला, आणि २३ जानेवारीपासून त्या मुलाची प्रकृती जी सुधारू लागली, तिच्याबरोबर वैद्यकाच्या इतिहासातले एक प्रकरण संपले आणि दुसरे सुरू झाले. या शोधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाकडे नाममात्र एका डॉलरला सोपविण्यात आले. पुढच्याच वर्षी बँटिंग आणि ज्यांच्या प्रयोगशाळेत हे काम झाले ते मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बँटिंगचा जन्मदिवस १४ नोव्हेंबर हा आज जगभर मधुमेह दिन म्हणून पाळला जातो, आणि आपल्या देशात तोच बालदिनही असतो. हा निव्वळ योगायोग आहे हे खरे. पण त्या दिवशी शाळाशाळांतून जी भाषणे होतात त्यांत वर्गातल्याच एखाद्या मुलाच्या दप्तरातील इन्शुलिनविषयी शब्दही निघत नाही, याची खंत या पुस्तकातील दोन लेखांत व्यक्त झाली आहे आणि ती मला रास्त वाटते.

त्या पहिल्या रुग्णांतील आणखी एका मुलीची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. अमेरिकेचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री चार्ल्स इव्हान्स ह्यूज यांची कन्या एलिझाबेथ हिला अकराव्या वर्षी हा आजार जडला. त्या काळी उपासमारीचा आहार हाच एकमेव इलाज होता. त्यावर तीन वर्षे तग धरून ती १९२२ च्या ऑगस्टमध्ये बँटिंगकडे टोरांटोला पोहोचली तेव्हा पंधरा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या त्या मुलीचे वजन जेमतेम वीस किलो भरत होते. इन्शुलिनने ती वाचली, पदवीधर झाली, तिने विवाह केला, तीन मुलांना जन्म दिला, सार्वजनिक कार्यात मानाचे स्थान मिळविले, आणि १९८१ साली वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तिचा मृत्यू झाला तोवर सुमारे ४२,००० वेळा तिने इन्शुलिन टोचून घेतले असावे असा हिशेब मांडला गेला आहे. परंतु ज्या औषधाच्या यशाचे ती मूर्तिमंत प्रमाण होती त्याच्याशी असलेले आपले नाते तिने जवळजवळ आयुष्यभर दडवून ठेवले. वडिलांच्या कागदपत्रांतूनसुद्धा आपल्या आजाराचे उल्लेख तिने काढून टाकविले. तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. ज्या समाजात आजारी मुलीकडे दयेने पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते त्या समाजात आपल्याला माणूस म्हणून पाहिले जावे, रोगी म्हणून नव्हे, यासाठी तिने जो मार्ग पत्करला तो तिला मोकळा असलेला एकच मार्ग होता. मला खटकते ते हे की, तिच्यामागून शंभर वर्षांनी, तिच्या देशापासून हजारो कोस दूर, आपल्या मुली आजही नेमके तेच करीत आहेत, आणि आपण त्यांना तोच मार्ग दाखवीत आहोत.

या लपविण्याचे स्वरूप काय असते हे एका लेखातील वर्णनावरून ध्यानात येईल. शाळेच्या प्रसाधनगृहाच्या दाराला कडी नाही, म्हणून एका पायाने दार दाबून धरायचे. पेनाचे टोपण दातात धरायचे. चकती फिरवून आधी दोन युनिट हवेत सोडायचे आणि सुईच्या टोकाशी थेंब उभा राहिला की नाही ते अपुऱ्या उजेडात पाहायचे. मग हवे तेवढे युनिट लावून, गणवेश वर करून पोटात सुई घालायची, बटण दाबायचे आणि औषध पुरते आत उतरावे म्हणून मनातल्या मनात दहापर्यंत अंक मोजायचे. बाहेरून कोणी दार ठोठावले की सहाव्या अंकालाच सुई बाहेर येते, आणि औषधाचा काही अंश कातडीवर ओघळतो. तो अंश किती होता हे कोणालाच ठाऊक नसते, संध्याकाळी मात्र साखर वाढलेली निघते आणि घरी प्रश्न येतो, "आज काय खाल्लंस?" लपूनछपून घ्यायची म्हणून सुई कित्येकदा सोयीच्या एकाच जागी घेतली जाते, तेथे कातडीखाली गाठ धरते, आणि त्या गाठीत टोचलेले इन्शुलिन कधी उशिरा शोषले जाते, कधी अपुरे. पुष्कळदा तर दुपारची सुई घेतलीच जात नाही. मैत्रिणींबरोबर डबा खाताना उठून जावे लागेल, त्या विचारतील, म्हणून डबा खायचा आणि सुई टाळायची, हा हिशेब या पुस्तकात एकीने नव्हे, अनेकींनी मांडला आहे. आणि ज्या एका मुलाने महाविद्यालयाच्या आवारात आडोशाला सुई घेण्याचे धाडस केले त्याला रखवालदाराने गर्दुल्ला समजून हटकले, हेही त्यात आले आहे. संकोच ही मनाची गोष्ट आहे असे आपण समजतो. येथे ती सरळ रक्तात उतरते.

म्हणूनच मोकळेपणाचा विचार शिष्टाचाराच्या किंवा मनःशांतीच्या सदरात घालून मोकळे होणे मला मान्य नाही. १९८३ ते १९९३ या दशकात अमेरिका आणि कॅनडा येथे तेरा ते एकोणचाळीस वर्षे वयाच्या १,४४१ रुग्णांवर जो दीर्घ अभ्यास झाला, त्याने हे निर्विवाद दाखवून दिले की, साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली तर ज्यांच्या डोळ्यांना अद्याप इजा झालेली नाही त्यांना ती होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटतो. मूत्रपिंडे आणि मज्जातंतू यांनाही तसेच संरक्षण मिळते. परंतु त्याच अभ्यासात, काटेकोर उपचारांनी रक्तातली साखर एकाएकी घसरण्याचे गंभीर प्रसंग सुमारे तिपटीने वाढले, आणि त्यात भाग घेतलेल्या किशोरवयीन मुलांना प्रौढांइतकी साखर ताब्यात ठेवणे जमले नाही, असेही आढळले. याला त्यांचा हट्टीपणा कारणीभूत आहे असे कोणी म्हणू नये, कारण वयात येताना शरीरात जी संप्रेरके वाढतात ती इन्शुलिनच्या कार्यालाच विरोध करतात, आणि काल पुरणारा डोस आज अपुरा पडतो. म्हणजे ज्या वयात या आजाराला सर्वाधिक दक्षतेची जरुरी असते त्याच वयात शरीर साथ देत नाही, त्याच वयात मित्रांहून वेगळे दिसण्याचे भय सर्वांत तीव्र असते, आणि त्याच वयात घरचे लोक चौकशीचा ससेमिरा सर्वांत जास्त लावतात.

त्या चौकशीविषयी येथे थोडे थांबले पाहिजे. दारात पाऊल पडताच "किती आली?" हा प्रश्न ज्यांच्या कानांवर वर्षानुवर्षे पडत आला आहे, त्यांना 'कसा आहेस' हा प्रश्न परका वाटू लागतो. आकडा कमी आला तर मूल शहाणे, जास्त आला तर बेजबाबदार. अशा रीतीने ग्लुकोमीटरच्या पट्टीवरील रक्ताचा थेंब हा मुलाच्या चारित्र्याचा दाखला होऊन बसतो. याचा परिणाम असा की काही मुले वहीत खोटे आकडे लिहितात, काही तपासणीच टाळतात, आणि काही मुली वजन उतरावे म्हणून जाणूनबुजून इन्शुलिन कमी घेतात, जे विलक्षण धोक्याचे आहे आणि ज्याविषयी आपल्याकडे जवळजवळ कोणीच बोलत नाही. या रोजच्या हिशेबाचा जो शीण मनावर साचतो त्याची जाणीव वैद्यकालाही उशिराच झाली, हे प्रांजळपणे नमूद करणे अवश्य आहे. आता मात्र अशा मुलांच्या उपचारांत मनःस्वास्थ्याची विचारपूस हाही आवश्यक भाग मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेची १९९८ सालची पाच विधानांची एक साधी प्रश्नावली त्यासाठी वापरली जाते: गेल्या दोन आठवड्यांत मन प्रसन्न होते का, शांत वाटले का, अंगात उत्साह होता का, सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटले का, दिवस मनाजोग्या गोष्टींत गेला का. प्रत्येक विधानाला शून्य ते पाच गुण. एकूण पंचविसांपैकी तेराहून कमी भरले तर अधिक चौकशी करावी, असा संकेत आहे. पाच मिनिटेही न लागणारी ही विचारपूस ज्या दवाखान्यांत होते तेथील मुले मोकळी होतात, हे मी स्वतः पाहिले आहे. कारण त्या पाच विधानांत साखरेचा उल्लेख एकदाही येत नाही.

मोकळेपणाची सर्वांत कठीण कसोटी आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यांत लागते. मुलाकडच्यांना काही सांगायचे नाही, असा घरात हुकूम सुटतो, लग्न होते, आणि मग सासरच्या फ्रिजमध्ये ठेवता येत नाही म्हणून इन्शुलिन कपाटातल्या साड्यांच्या घडीत जाते आणि उन्हाळ्यात निकामी होते. हरितालिकेच्या दिवशी पाणीही न घेता उपास धरण्याचा आग्रह झाला की, नाही म्हणावे तर कारण सांगावे लागते आणि धरावा तर प्राणाशी गाठ. या पुस्तकातील त्या तरुण आईने आपल्या होणाऱ्या नवऱ्याला दुसऱ्या भेटीतच सारे सांगितले, आणि तो निघून जाईल अशी तयारी मनाशी करून सांगितले. तो गेला नाही, पण तिच्या आधी दोघेजण गेले होते, हेही तिने लिहिले आहे. मला तिच्या लेखात सर्वांत मोलाचे वाटते ते हेच की, सांगितल्यावर सर्व सुरळीत होते अशी खोटी आशा ती कोणालाही देत नाही. उलट, आजार लपवून केलेली फसवणूक उघडकीस आल्यावर मुलीला माहेरी धाडल्याच्या घटना आपल्या भोवताली घडत आलेल्या आहेत. त्यांतील अपराध मुलीच्या माथी मारणे जितके सोपे तितकेच अन्यायाचे आहे, कारण लपविण्याचा निर्णय बहुधा तिचा नसतोच.

आणि सांगितल्यावर आपण ऐकतो तरी कसे? कारल्याचा रस, मेथीचे दाणे, अमुक गावच्या वैद्याची पुडी, 'एकदा सुई सुरू झाली की सुटत नाही, तेव्हा लावून घेऊ नका' हा इशारा. हे सर्व प्रेमापोटी बोलले जाते याविषयी मला शंका नाही. पण या आजारात इन्शुलिन बंद केल्यास काही दिवसांतच जिवावर बेतते, आणि अशा सल्ल्यामुळे ते बंद करून दगावलेली मुले आपल्या महाराष्ट्रात झालेली आहेत. गणपतीच्या दिवसांत पानात मोदक पडतो तेव्हा एक आत्या म्हणते, "एकानं काय होतंय?" आणि दुसरी म्हणते, "अगं, तिला चालत नाही ना!" वस्तुतः त्या मोदकातील पिठाचा व गुळाचा अंदाज घेऊन त्यासाठी किती युनिट लागतील हे ती मुलगी दोघींपेक्षा अधिक जाणत असते, तिला कोणी विचारीत नाही एवढेच.

तरीही काही बदलत आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली परिपत्रक काढून अशा विद्यार्थ्यांना दहावी-बारावीच्या परीक्षेस बसताना साखरेच्या गोळ्या, फळे, थोडे खाणे आणि पाणी जवळ बाळगण्याची मुभा दिली. राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये वर्गात साखर तपासण्याची, सुई घेण्याची आणि मधल्या वेळी खाण्याची परवानगी असावी असे शाळांच्या संदर्भात कळविले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२२ मध्ये या आजाराच्या उपचारांची स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. कागदावरील हा बंदोबस्त पर्यवेक्षकाच्या टेबलापर्यंत पोहोचायला मात्र मुलालाच तोंड उघडावे लागते. ज्याच्या रक्तातील साखर ७० च्या खाली गेली आहे, ज्याला दरदरून घाम सुटला आहे, हात कापत आहेत आणि जीभ जड झाली आहे, त्याला त्या क्षणी परिपत्रकाचा हवाला देता येत नाही. शेजारच्या बाकावरील मित्राला आधीच ठाऊक असेल तर तो तीन चमचे साखर पाण्यात ढवळून देतो, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला लावतो, आणि शुद्ध हरपली तर तोंडात काही न ओतता दवाखान्याची वाट धरतो. ठाऊक नसेल तर तो मित्राला झोपाळू, चिडखोर किंवा प्यालेला समजतो. वसीम अक्रमसारखा गोलंदाज तिशीत हा आजार जडल्यावरही इन्शुलिन घेत खेळत राहिला, त्याविषयी उघडपणे बोलला, आणि २००३ च्या विश्वचषकात एकदिवसीय सामन्यांतील पाचशेवा बळी घेणारा पहिला गोलंदाज ठरला, ही हकीकत या पुस्तकातील तीन मुलांनी स्वतंत्रपणे सांगितली आहे. अशा उदाहरणांचे महत्त्व मी मानतो. परंतु साध्या, मधल्या फळीतल्या, कधी नापास होणाऱ्या मुलालाही आपला आजार न लपविता जगता यावे, त्यासाठी त्याने आधी पराक्रम गाजविण्याची अट नसावी, असे मला त्याहून अधिक तीव्रतेने वाटते.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगितली पाहिजे. मोकळेपणा हा या मुलांचा हक्क आहे. तो त्यांच्याकडून वसूल करायचा कर नव्हे. कोणाला, केव्हा, किती सांगायचे हे ज्याच्या अंगात सुई जाते त्यानेच ठरवावे. आता दंडावर चिकटविण्याचा संवेदक निघाला आहे, जो दर थोड्या मिनिटांनी साखरेचा आकडा मोबाइलवर पाठवितो. ज्यांना तो परवडतो त्यांचा आजार अर्ध्या बाहीतून आपोआपच दिसू लागतो, आणि पुण्याच्या वसतिगृहातील मुलाचा मध्यरात्रीचा आकडा सांगलीला वडिलांच्या उशाशी झळकतो. त्या वडिलांची काळजी मी समजू शकतो. मुलाने आपल्या लेखात त्यांना जी विनंती केली आहे, की आकडा फार खाली गेला तरच फोन करा, एरवी सकाळपर्यंत थांबा, तीही तितकीच समजण्यासारखी आहे, आणि त्या दोघांत जो करार शेवटी झाला त्याचा तपशील पुष्कळ घरांना उपयोगी पडेल.

संपादनासंबंधी थोडा खुलासा. 'शुगर लो गेली', 'हायपो आला', 'टाइप वन' हे मुलांचे शब्द तसेच राहू दिले आहेत. ज्यांनी स्वतःच्या नावाने लिहिले त्यांची नावे दिली आहेत, ज्यांनी किंवा ज्यांच्या घरच्यांनी नको म्हटले त्यांची दिलेली नाहीत, आणि लेखांचा क्रम लावताना हा फरक विचारात घेतलेला नाही. लेखांत ठिकठिकाणी युनिटांचे आकडे येतात. ते त्या त्या लेखकाचे वय, वजन आणि दिनक्रम यांना लागू असलेले आहेत, सबब त्यांवरून कोणीही आपला डोस बदलू नये, तो आपल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावा. शिक्षकवर्गाने परीक्षेच्या अनुभवांचा विभाग आधी वाचला तरी हरकत नाही. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारीत सुरू होतात, त्यापूर्वी तो वाचून आपल्या केंद्रावर तशी तजवीज करता आली तर पाहावी.